सोसायटी ग्रुप: गोरेगावजवळ वन बीएचके हवा आहे

बी-२०३: नमस्कार मंडळी. माझा भाचा नाशिकहून येतोय, नोकरी गोरेगाव पूर्वेला नेस्को प्रदर्शन केंद्राच्या बाजूला. नवरा-बायको दोघंच. भाडं ३५ हजारांपर्यंत चालेल म्हणतो, हाताशी दीड लाख आहेत. जमेल का? आणि कुणाच्या माहितीत आहे का घर?

ए-६०१: ताई, दीड लाखात ३५ चं घर बसत नाही. डिपॉझिट तीनच महिन्यांचं धरलं तरी १,०५,०००. पहिलं भाडं ३५,०००, ब्रोकरचे ३५,०००. इथेच १,७५,००० झाले, करार आणि टेम्पो बाहेरच राहिला. २८ हजार धरा: ८४ + २८ + २८ म्हणजे १,४०,०००, उरलेल्या १० मध्ये करार आणि थोडकं सामान. तेव्हा ब्रोकरला २८ च सांगायचं. ३५ सांगितलं की तो ३८ ची घरं दाखवायला नेतो.

डी-१०४: २८ ला गोरेगाव रेल्वे स्टेशनच्या आसपास अडकू नका. नेस्कोला जायचं तर मेट्रो ७ चं गोरेगाव पूर्व स्टेशन. त्यामुळे मागाठाणे, देवीपाडा, ओवरीपाडा बघा, गाडी न बदलता ऑफिस. मेट्रो स्टेशनपासून लांबचं स्वस्त घर घेतलं आणि रोज दोन्ही वेळा रिक्षा लागली, तर वाचलेले पैसे महिनाअखेर तिकडेच जातात. घरापासून मेट्रोपर्यंत एकदा चालून बघा, ब्रोकरच्या ‘पाच मिनिटां’वर जाऊ नका.

सी-५०२: घर बघताना मालकाला विचारा, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ. शक्यतो त्याच वेळी जा आणि स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून धार बघा. दुसरं, नुकताच रंग दिलेला असेल तर जास्त नीट बघा. कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत तळव्याने चाचपा, विशेषतः बाथरूमला लागून असलेली आणि पश्चिमेकडची. जमिनीपासून वीतभर उंचीवर रंग फुगलेला असतो, नखाने दाबला की पोपडा सुटतो आणि आतून पिठासारखे पांढरे क्षार हाताला लागतात. म्हणजे ओल भिंतीत मुरलेली आहे, वरून कितीही रंग द्या, जूनमध्ये परत येणार. अशी भिंत फोटोत घ्या आणि दुरुस्ती कोणाची ते करारात लिहून घ्या. नाहीतर घर सोडताना तोच डाग भाडेकरूच्या नावावर लागतो.

ए-६०१: बरोबर. आणि विजेचं, गॅसचं शेवटचं बिल बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मागची बाकी असली तर मीटर तुमच्या काळात कापला जातो. चावी घेताना रीडिंगचा फोटो.

बी-२०३: करार ११ महिन्यांचाच असतो ना? ब्रोकर म्हणाला, ११ महिन्यांना नोंदणी लागत नाही, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी पुरते.

सेक्रेटरी: नाही, ताई. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा ठराविक मुदतीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणून मालकालाही हेच फायद्याचं आहे, त्यांना असंच समजावून सांगा.

खर्च फार नाही. एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. २८,००० × ११ = ३,०८,०००. डिपॉझिट ८४,०००, त्यावर ११ महिन्यांचं व्याज ७,७००. मिळून ३,१५,७००, ड्युटी साधारण ७९० रुपये, ८०० धरा. मुंबईत नोंदणी फी १,०००, ऑनलाइन दस्त हाताळणी ३००. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी वेगळी, ती आधी विचारा. २२ महिन्यांचा एकच करार केला तर नोंदणी फी एकदाच.

डी-१०४: अंगठ्यावरच गाडी अडते. आधारचं बायोमेट्रिक लॉक असेल तर मशीन घेतच नाही, ॲपमधून आधी अनलॉक करा. मालक वयस्कर असतील तर ठसे जुळत नाहीत, त्यांना आदल्या दिवशीच करून बघायला सांगा. मालक परदेशात असतील तर कुलमुखत्यारपत्र मागा आणि त्यात घर भाड्याने देण्याचा अधिकार लिहिलेला आहे का ते वाचा.

सी-५०२: टोकन द्यायच्या आधी सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावरचं नाव, इंडेक्स टू (घराच्या खरेदी-नोंदणीचा उतारा) वरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्यावरचं नाव, तिन्ही एकच हवीत. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, घर बघायच्या पाससाठी क्यूआर स्कॅन करा’ असं सांगणारा फोन आला की तिथेच बंद करा. घर न बघता एक रुपयाही द्यायचा नाही.

सेक्रेटरी: आपल्याकडे राहायचं झालं तर सोसायटीची परवानगी लागत नाही, पण मालकाने आठ दिवस आधी कळवावं आणि नोंदलेल्या कराराची प्रत द्यावी. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यायची, तीही मालकानेच. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, महापालिकेचा कर त्यात धरत नाहीत. हे चार्जेस मालकाने भरायचे. पण ‘मेंटेनन्स भाडेकरूकडे’ असं मोघम लिहिलं की गुपचूप भाडेकरूवर येतात. ‘भाड्यात सर्व मेंटेनन्स समाविष्ट’ हे शब्द करारात घाला.

ए-६०१: डिपॉझिटचं कलमही नीट लिहून घ्या: ‘ताबा देताना त्याच दिवशी परत, फक्त थकीत बिलं वजा’. ‘नवा भाडेकरू आला की देतो’ हे ऐकून चावी दिली की महिने जातात. पैसे खात्यात आल्यावरच चावी. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) असेल तर किती महिने, आणि नोटीस दोघांना सारखी. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करता राहू नका, त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक भाड्याच्या दुप्पट रक्कम मागू शकतो.

बी-२०३: हे सगळं त्याला पाठवते. भाडेपावती नोकरीत दाखवायची आहे, मालकाचा पॅन लागेल का?

ए-६०१: लागेल. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) मालकाचा पॅन द्यावाच लागतो. मालक आधी हो म्हणतात आणि मार्चमध्ये टाळतात, म्हणून टोकन देतानाच विचारा आणि करारात पॅन टाका. भाडं बँकेतूनच पाठवा, रोख नको.

सेक्रेटरी: ताई, आपल्या ई विंगमधलं एक घर या महिनाअखेरीस रिकामं होतंय. भाडं मला माहीत नाही, मालकांना विचारून रात्री तुम्हाला पर्सनलवर कळवतो. ब्रोकर मध्ये नसेल तर तुमचे २८ हजार वाचतील. तोपर्यंत भाच्याला दोघांची आधार-पॅन आणि नोकरीचं ऑफर लेटर तयार ठेवायला सांगा.