रिजिड एमटीबी: पुढे जाड टायर बसवताना फोर्क, रिम आणि हवेचा हिशोब

गिअरगडी
मंडळी, सल्ला हवाय. २९ इंची ॲल्युमिनियम हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक) आहे. पुढच्या १०० मिमी कॉइल शॉकच्या नळ्या गंजल्यात, बुशिंग ढिलं पडलंय, दुरुस्तीत अर्थ नाही. त्या जागी स्टीलचा रिजिड फोर्क (शॉक नसलेला चिमटा) आणि पुढे जमेल तेवढा जाड टायर असा बेत आहे. मागे २.२५ च राहणार, चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्यांत) त्याहून जास्त जागा नाही.

मोजमापं अशी. शॉकची लांबी (ॲक्सलच्या मध्यापासून क्राउनपर्यंत, म्हणजे फोर्कच्या खांद्यापर्यंत, वजन न टाकता) ५०८ मिमी. हेडट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) वर-खाली आतून ४४ मिमी, सध्याचा स्टीअरर (तिच्यातून वर जाणारी फोर्कची दांडी) टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणारा. पुढचा हब (चाकाचा मधला तुंबा) १०० मिमी क्विक रिलीजचा (लीव्हरने आवळायचा), ३२ आऱ्यांची रिम, आतली रुंदी २१ मिमी. ब्रेक हायड्रॉलिक, रोटर (ब्रेकची चकती) १६० मिमी. माझं वजन बॅगेसकट ७५ किलो. वापर पुण्याभोवतीच्या मुरमाच्या रस्त्यांवर, धरणांच्या कडेच्या बैलगाडीवाटांवर, अधूनमधून दगडगोट्यांचा उतार. उड्या नाहीत.

फोर्क किती लांबीचा घ्यावा? टायर २९ × २.६, २७.५ × २.८ की थेट २६ × ४? जुनी रिम चालेल का? आणि हवा किती?

चाकोरी
टायर सगळ्यात शेवटी घ्या. आधी फोर्क, मग रिम, मग टायर. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि मग न बसणारा टायर विकायला काढतात.

५०८ हा आकडा शॉक सैल असतानाचा आहे. माणूस बसला की १०० पैकी २०-२५ मिमी दबतो, म्हणजे चालवताना लांबी ४८५ च्या आसपास असते. रिजिड फोर्क दबत नाही, तेव्हा ४८० ते ४९० मधला घ्या. लांबीत २० मिमीचा फरक पडला की हेड अँगल (हेडट्यूबचा कल) साधारण एक अंशाने बदलतो. ५०८ चाच रिजिड शोधलात तर सायकलचं तोंड वर जाईल, सीट मागे कलेल आणि चढावर पुढचं चाक भरकटेल. उलट कुणी जुन्या २६ इंची सायकलचा ४४० वाला चिमटा स्वस्तात गळ्यात मारू पाहील. तो लावला तर अँगल दोन अंशांहून जास्त उभा होतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) दीडेक सेंटिमीटर खाली येतो, पेडल प्रत्येक दगडाला लागतं. ग्रॅव्हल फोर्क तर चारशेच्या आसपास असतात, तिकडे बघूच नका.

आता जागा. २९ च्या रिजिड फोर्कमध्ये उंचीची अडचण सहसा येत नाही, अडतं ते रुंदीत. बरेच फोर्क '२९ चे' म्हणून विकले जातात, पण दोन पायांमधली जागा २.४ पुरतीच असते. व्हर्निअर घेऊन दुकानात जा आणि ॲक्सलपासून ३२५ ते ३४५ मिमी वर, जिथे टायर सगळ्यात रुंद असतो तिथे, आतलं अंतर मोजा. टायरच्या खऱ्या रुंदीत दोन्ही बाजूंना किमान ६-६ मिमी मिळवा. २.८ चा टायर रुंद रिमवर ७० मिमीच्या आसपास भरतो, म्हणजे ८२ तरी हवेत. पावसाळ्यात काळ्या मातीतून जाणार असाल तर दोन्हीकडे १०-१० धरा. ती माती टायरला लपेटत जाते आणि फोर्कच्या खांद्यात अडकून चाक जागच्या जागी थांबतं.

स्पोकशास्त्री
वरच्याशी सहमत. रिमबद्दल माझं मत सरळ आहे: २१ मिमी विसरा.

अरुंद रिमवर जाड टायर चढतो, त्यात प्रश्न नाही. पण खाली कडा जवळ येतात आणि वर पोट फुगतं. हवा कमी केली की वळणावर ते पोट रिमवरून आडवं कलंडतं, स्टीअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळतो आणि ट्यूबलेस असेल तर कडेतून हवा फुसकन निघते. मग माणूस घाबरून २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतो. इतकी हवा ठेवायची तर जाड टायर घेतलाच कशाला? रिजिडवर टायर हीच स्प्रिंग आहे, आणि ती मऊ ठेवायची तर रिमची रुंदी लागते. २.६ साठी आतून ३० ते ३५, २.८ साठी ३५ ते ४०, ३.० साठी ४० ते ४५ मिमी.

म्हणजे चाक नव्याने बांधायचंच आहे. मग हबही १५ मिमी थ्रू ॲक्सलचा (आरपार जाणाऱ्या आसाचा) घ्या आणि फोर्कही तसाच. क्विक रिलीज फोर्कमध्ये कॅलिपर (ब्रेकचा जबडा) डाव्या पायाच्या मागे असतो आणि जोरात ब्रेक मारला की ॲक्सल ड्रॉपआउटमधून (तो बसतो त्या खाचेतून) खाली ढकलला जातो. घट्ट आवळलेला लीव्हर आणि ड्रॉपआउटच्या टोकाचे ओठ त्याला थोपवतात खरे, पण हे ओठ कानशीने घासून काढणारे महाभाग आहेत. थ्रू ॲक्सलमध्ये ही भानगडच उरत नाही. फोर्क ११० मिमी बूस्ट (जास्त रुंद हबचं माप) असेल तर हबही बूस्टच घ्या. जुन्या १०० च्या हबला दोन्हीकडे ५-५ मिमीचे तुकडे आणि रोटरखाली ५ मिमीचा स्पेसर लावून ते जमवता येतं, पण तुमचा हब १५ मिमी ॲक्सल घेतो का हे आधी पाहावं लागेल. साधे क्विक रिलीज हब घेत नाहीत.

आरे २.० मिमी, ३२ च, तीन क्रॉस (प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडून जातो). लांबी काढताना रिमचा खरा ईआरडी (आऱ्यांची टोकं पोचतात तिथला व्यास) मोजून घ्या, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. पुढच्या डिस्क चाकात रोटरकडचा फ्लँज (हबची आरे अडकवायची कड) मध्याच्या जास्त जवळ असतो, त्यामुळे डावीकडचे आरे जास्त ताणलेले राहणार. तो दोष नव्हे. डावीकडे ११० ते १२० किलोचा ताण ठेवा, उजवीकडचा डिशिंगमधून (रिम मध्यावर आणताना) येईल तो.

गिअरगडी
धन्यवाद. एक फोर्क मिळतोय: ४८३ लांबी, १५ × ११० बूस्ट, पायांमधलं अंतर ८६ मिमी, पण स्टीअरर सरळ, टेपर्ड नाही. माझ्या ४४ च्या हेडट्यूबमध्ये कसा बसवू? आणि २९ × २.६ की २७.५ × २.८, हे अजून ठरत नाहीये.

चाकोरी
८६ उत्तम. स्टीअररचं सोपं आहे. बेअरिंगचा खालचा कप सध्या बाहेर दिसणारा असेल, तो तसाच ठेवा आणि फोर्कवर रिड्यूसर क्राउन रेस (बेअरिंगखाली बसणारी कडी) बसवा. सरळ स्टीअररच्या फोर्कचं बैठकीचं माप ३० मिमी, टेपर्डचं ३९.८. त्यातला फरक ही रेस भरून काढते. कुणी म्हणेल, खालीही आत बसणारा कप घाला, दिसायला छान. बसेल तोही, पण बाहेरच्या कपाची सेंटिमीटरभर उंची जाईल आणि पुढचा भाग तेवढा खाली येईल. आपण एकेक मिमी मोजून फोर्क निवडलाय, तो असा घालवू नका.

रेस ठोकताना थेट हातोडी नको. ३० मिमी बैठकीवरून सरकेल अशा आतल्या व्यासाचा पीव्हीसी किंवा लोखंडी पाइप घ्या, बैठकीला ग्रीसचा हात लावा आणि सरळ ठोके द्या. पूर्ण बसली की ठोक्याचा आवाज बदलतो. क्राउन आणि रेसमध्ये कागदही जाता कामा नये.

टायरबाबत त्रिज्येचा हिशोब करा. २९ × २.२५ ची त्रिज्या साधारण ३६६ मिमी, २९ × २.६ ची ३७५, २७.५ × २.८ ची ३६१, २६ × ४ ची ३७० च्या आसपास. कंपनी आणि रिमप्रमाणे चार-पाच मिमी इकडेतिकडे. म्हणजे २७.५ × २.८ लावलात तर पुढची उंची जवळपास आहे तीच राहते. २.६ ने सेंटिमीटरभर वर येते, हेड अँगल अर्धा अंश सैल होतो. उतारावर ते चांगलंच वाटतं. दोन्ही चालेल.

मुरुमकर
मी २९ × २.६ कडे झुकेन, आणि कारण भूमितीचं नाही. २७.५ प्लसचे (२.८ सारखे जाड) टायर आता दुकानात कमीच दिसतात. कड फाटली तर गावातल्या दुकानात काय मिळणार? २९ ची ट्यूब मिळेल. २.२ ची ट्यूब २.६ मध्ये ताणून जाते, घरी पोहोचवते.

शिवाय मोठा व्यास खड्ड्यावरून आणि गोट्यांवरून जास्त सहज जातो, आणि रिजिडला त्याचा उपयोग शॉकवाल्यापेक्षा जास्त.

स्पोकशास्त्री
उपलब्धतेचा मुद्दा मान्य. पण गादी म्हणून २.८ सरस आहे, ७५ किलोच्या माणसाला दोन-तीन पीएसआय कमी हवेवर चालवता येतो. मुरमावर हाताला पोचणारी बारीक थरथर त्याने खूप कमी होते.

४ इंचाचं मात्र डोक्यातून काढा. पुढे जाड आणि मागे सडपातळ ही कल्पना चांगलीच आहे. अमेरिकेत सायकली बनवणारा जेफ जोन्स आपल्या ट्रस फोर्कमध्ये १३५ मिमीचा हब घालून पुढे फॅट टायर चालवत आलाय, कारण २६ × ४ चा बाहेरचा व्यास २९ च्या जवळ जातो. पण फॅट टायर घडले बर्फ आणि वाळूसाठी. सर्ली कंपनीची २००५ ची पग्सली सायकल त्याचसाठी होती. तुमच्या वाटांवर तेवढं तरंगायची गरज नाही. त्यासाठी फोर्क वेगळा, हब १३५ किंवा १५० चा, रिम ६५ मिमीच्या पुढची, आणि टायर एकटाच सव्वा-दीड किलोचा. त्यात वेगाने दगडावर आदळला की तो उसळतो. टायरमध्ये हवा असते, डँपिंग (उसळी शमवणारी सोय) नसतं, आणि हवेची जागा जितकी मोठी तितकी ही उसळी त्रासदायक.

बाभूळकाटा
हवेचा प्रश्न राहिलाय, आणि माझ्या मते सगळा खेळ त्यातच आहे.

ट्यूबलेसच करा. ट्यूब ठेवून १५ पीएसआयवर गोट्यांत गेलात की ट्यूब रिम आणि दगडात चिमटते, दोन समांतर भोकं पडतात. शिवाय आपल्याकडे बाभळीचे काटे. आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असेल तर काटा उपसून ते भोक खाली येईल असं चाक फिरवलं की बंद होतं.

रिम टेप आतल्या रुंदीपेक्षा चार-पाच मिमी रुंद, म्हणजे ३५ ला ३९-४०. रिम स्पिरिटने पुसा, टेप ताणून लावा, व्हॉल्व्हपाशी दहा सेंटिमीटर एकावर एक. मग ट्यूब घालून रात्रभर हवा भरून ठेवा, टेप कोपऱ्यात नीट बसते. सकाळी एकाच बाजूची कड उघडून ट्यूब काढा, दुसरी बसलेली राहू द्या. साबणाचं पाणी लावून फ्लोअर पंपाने जोरात मारा. नाही बसलं तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. प्रेस्टाला (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला) पितळी ॲडॅप्टर लागतो, पण तो व्हॉल्व्हच्या कोअरवरच्या (आतल्या सुट्या भागावरच्या) आट्यांवर बसतो. कोअर काढलात तर एअर गनचं तोंड हाताने दाबून धरावं लागेल. त्याच्या टाकीत शंभराच्या वर दाब असतो, म्हणून थोडी थोडी हवा सोडा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. जाड टायरवर ती ३०-३५ पीएसआय इतकी कमी असू शकते, आणि त्यापुढे रुंद रिमची कड उकलू शकते.

सीलंट २.६ ला ११० मिली, २.८ ला १२०-१३०. उन्हाळ्यात त्यातलं लॅटेक्स लवकर वाळतं. दीड-दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून पाहा.

हवा ट्यूबलेस धरून, तुमच्या वजनाला: पुढे २.६ असेल तर १६ पासून, २.८ असेल तर १४ पासून सुरुवात. मागे २.२५ ला २४ ते २६. मग नेहमीच्याच एका दगडी तुकड्यावर एकेक पीएसआय कमी करत जा. रिम दगडाला लागल्याचा ठक्क आवाज आला की एक-दीड वाढवून तिथेच थांबा. खूप कमी झाल्याची दुसरी खूण डांबरावर कळते: वळताना हँडल आपसूक आत ओढलं जातं. मोठ्या पंपाचा काटा १५ च्या खाली भरवशाचा नसतो. ० ते ३० चा वेगळा गेज घ्या. इथे दोन पीएसआयने सायकल बदलते.

टायर घेताना सगळ्यात हलका १२० टीपीआयचा (कापडात इंचाला १२० धागे) पातळ कडांचा घेऊ नका. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या खपल्या कड कापतात आणि ती चीर सीलंटने भरत नाही. ६० टीपीआयचा, कडेला जास्तीचा थर असलेला घ्या, शे-दीडशे ग्रॅम गेले तर जाऊ देत.

गिअरगडी
ठरलं. ४८३ चा फोर्क, ३५ ची रिम, २९ × २.६. रोटर १८० करू का? आणि स्टीअरर कापताना काय सांभाळायचं?

चाकोरी
३५ च्या रिमवर पुढे कधी ३.० चढवायचा मोह झाला तर आवरा. २९ × ३.० रुंदीला ८६ मध्ये कसाबसा मावेल, चिखलाला जागा उरणार नाही.

रोटर १८० करायला हरकत नाही, फोर्क बनवणाऱ्याने तेवढी परवानगी दिली असेल तर. रिजिडच्या बारीक पायांवर जोर वाढतो, म्हणून मर्यादा पाहूनच. माउंट पोस्ट आहे की आयएस (कॅलिपर बसवायच्या दोन पद्धती) हे बघून ॲडॅप्टर घ्या.

कापण्याआधी सगळं रचा: रेस, बेअरिंग, स्पेसर, स्टेम (हँडल धरणारा भाग), आणि स्टेमच्या वर ५ मिमीचा आणखी एक स्पेसर. खूण करा आणि वरच्या कडेपासून ३ मिमी खाली कापा. पहिल्यांदा दोन स्पेसर जास्तच ठेवा, कापलेलं परत जोडता येत नाही. करवत सरळ चालावी म्हणून जुना स्टेम खुणेवर आवळून त्याच्या कडेने कापा. आतबाहेरचा चुरा कानशीने काढा, मग स्टार नट (टॉप कॅपचा बोल्ट धरणारा) १५ मिमी खोल ठोका. बसवताना आधी टॉप कॅपने खेळ काढायचा, हँडल स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे पडतंय ना ते पाहायचं, मगच स्टेमचे बोल्ट ५ एनएमला (न्यूटन-मीटर) आवळायचे. नवी रेस पहिल्या दगडी फेरीनंतर थोडी बसते, तेव्हा पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवा आणि कपापाशी बोट ठेवून खेळ आलाय का ते बघा.

मुरुमकर
हँडल जुनंच ठेवणार असाल तर निदान ग्रिप बदला, जाड सिलिकॉनच्या. आणि ब्रेकच्या नव्या पॅडना मोकळ्या उतारावर वीसेक वेळा वेग कमी करून रुळवून घ्या, पूर्ण न थांबता.