बडोद्यात ३० लाखात घर होईल का? वाघोडिया रोडला नवीन की मांजलपूरला जुना फ्लॅट

दांडियाबाजारचा भाडेकरू
नमस्कार मंडळी. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला, बायको शाळेत शिकवते, दोघांचे मिळून महिना ५५ हजार हातात येतात. आई सोबत असते, मुलगी तिसरीत. बचत साडेसात लाख आहे पण त्यातले दीड लाख आईच्या दवाखान्यासाठी बाजूला, म्हणजे सहाच धरा. दोन जागा बघून ठेवल्यात. एक वाघोडिया रोडला, रिंग रोडच्या पुढे बरंच आत, नवीन स्कीम, टू बीएचके २७ लाख, पझेशन दोन वर्षांनी. दुसरी मांजलपूरला, वीस-बावीस वर्षं जुना फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, २४ लाख सांगतायत पण त्यातले ४ लाख रोख हवेत आणि दस्तावेज (खरेदीखत) २० चा करू म्हणतात, वर सांगतात की त्यात तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचेल. बायकोला मांजलपूर आवडलंय, आईला जिन्याची धास्ती, मला नवीन घर हवंय. नवीनवाले रविवारपर्यंत ५१ हजार टोकन मागतायत, नाहीतर भाव वाढेल म्हणे. काय करू, प्लीज सांगा.

लोनवाला मित्र
दादा, रविवार विसरून जा. भाव वाढेल हे ते दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगतच असतात.

आता ते रोखीचं बघू. बँक लोन देते ते दस्तावेजावरच्या रकमेवर. २० चा दस्तावेज केलात आणि ८० टक्के लोन मिळालं तर १६ लाख, म्हणजे मालकाला द्यायला ८ लाख तुमच्या खिशातून, वर ४.९ टक्के स्टॅम्प ड्युटी ९८ हजार. झाले जवळजवळ ९ लाख, आणि तुमच्याकडे आहेत सहा. तेच पूर्ण २४ चा केलात तर लोन १९ लाख २० हजार, खिशातून ४ लाख ८०, ड्युटी १ लाख १७ हजार ६००, बसलं की नाही सहाच्या आत! ड्युटी वीसेक हजार वाचवायला जाऊन तीन लाख जास्तीचे उभे करावे लागतात. रोखीचा व्यवहार ज्याच्याकडे रोख पडलीय त्याला परवडतो, पगारदार माणसाला नाही. शिवाय उद्या तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत कागदावर २० च दिसणार आणि त्या वरच्या ४ लाखांवरचा टॅक्स तुमच्या डोक्यावर. घर वहिनींच्या एकट्याच्या नावावर घ्या, गुजरातमध्ये बाईच्या नावावर असेल तर १ टक्का रजिस्ट्रेशन फी माफ आहे, २४ हजार वाचले. तुम्ही लोनमध्ये को-अॅप्लिकंट रहा. साडेआठ टक्के धरला तर वीस वर्षांना हप्ता साडेसोळा-सतरा हजार येईल, ५५ मध्ये झेपेल.

नवीनचं गणित पण मांडा, २७ वर ड्युटी, रेरा कार्पेट (घराच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का जीएसटी, मग वीज मीटरचे, कॉर्पोरेशनचे, वकिलाचे, मेन्टेनन्स डिपॉझिटचे वेगळे, आणि दोन वर्षं भाडं चालूच. बॅनरवरचा आकडा बघून ठरवू नका.

तरसालीची मावशी
अरे बाळा, आईचं बोलणं मनावर घे. गुडघे दुखायला लागले की दुसरा मजला म्हणजे घरातच कोंडल्यासारखं होतं, भाजीला उतरणं नाही, देवळात जाणं नाही. माझ्या सासूबाईंचं बघितलंय मी, शेवटची वर्षं गॅलरीतच. त्याच सोसायटीत खालचा किंवा पहिला मजला निघतो का दलालाला विचारून ठेव, जुन्या सोसायट्यांमध्ये मुलं परदेशी गेलेली असतात, घरं निघत राहतात. आणि आत इतक्या लांब गेलात तर तुझ्या बायकोची शाळा, मुलीची शाळा, तुझी शिफ्ट, सगळ्यांचं पेट्रोल कोण मोजणार?

विश्वामित्रीकाठचा
मावशी म्हणतात ते पटतंय पण ग्राउंड फ्लोअर घेताना जरा थांबा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात समा, अकोटा, फतेगंज, मुजमहुडा इथे काय झालं ते बडोद्यात कोणाला सांगायला नको. मांजलपूर असो की वाघोडिया रोड, नुसत्या एरियाच्या नावावर जाऊ नका, गल्लीगल्लीत फरक असतो. बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये जा, भिंतीवर मातीची फिकट रेघ दिसते का बघा, मीटरचे खोके नंतर वर उचलून बसवलेत का, खालच्या स्क्रूंवर गंज आहे का. रंग नवा असेल तर जास्तच बारीक बघा. मग समोरच्या किराणावाल्याला विचारा पाणी किती दिवस होतं, त्याला काही विकायचं नाही, तो खरं सांगतो. आणि पावसात एकदा जाऊन याच.

दांडियाबाजारचा भाडेकरू
सगळ्यांचे मनापासून आभार. टोकन नाही भरलं. नवीनवाल्यांकडे रेरा कार्पेट विचारलं तर १०८० चौरस फूट सुपर बिल्टअपचं (जिना, लॉबी धरून) कार्पेट ६१० निघालं, आमची भाड्याची जागा याहून मोठी आहे. मांजलपूरला त्याच सोसायटीत पहिला मजला निघतोय, साडेतेवीस, पूर्ण रकमेचा दस्तावेज करायला मालक तयार. मीटर रूम बघितली, कोरडी आहे. दोन गोष्टी सांगा, सबसिडी मिळेल का आणि कागद कोणते मागू?

लोनवाला मित्र
झकास! सबसिडीसाठी पीएम आवास शहरी २.० मध्ये बघा. वर्षाचं उत्पन्न ९ लाखाच्या आत, घराची किंमत ३५ पर्यंत, लोन २५ पर्यंत, आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. पहिल्या ८ लाखावर ४ टक्के व्याजाची सबसिडी, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणून डाउन पेमेंटमध्ये हे पैसे धरू नका.

कागदांत बीयु (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परमिशनची कॉपी, आधीच्या सगळ्या मालकांचे दस्तावेज ओळीने, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बाकी नसल्याचा दाखला, घरवेऱ्याची (घरपट्टीची) पावती, मालकाचं लोन असेल तर बँकेचं पत्र. बँकेचा वकील टायटल बघतोच पण तो बँकेसाठी बघतो, तुम्ही स्वतःचा वकील लावून ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) काढा आणि त्यानंतरच बानाखत (बाना म्हणजे आगाऊ रक्कम देऊन करायचा खरेदीचा करार) करा. बानाखतात एक ओळ घालून घ्या की लोन मंजूर झालं नाही तर बाना परत.