सल्ला हवा: एजन्सी प्रॉब्लेम आणि शेअरचे भाव, वाचायला सुरुवात कुठून करू?

नवखा_वाचक: कंपनीचे मॅनेजर शेअरहोल्डरांच्या पैशावर स्वतःची सोय बघतात (हाच एजन्सी प्रॉब्लेम) आणि त्याचा भावावर काय परिणाम होतो, यावरचं मूळ संशोधन वाचायचंय. रोज अर्धा तास मिळतो, गणित बेताचं. जाडजूड पुस्तक नको. फक्त तीन पेपर सांगा.

जुनाजाणता: तीनात काय होतंय! आधी बर्ली आणि मीन्स यांचं १९३२ चं पुस्तक घ्या, मालकी विखुरली की ताबा मॅनेजरकडे जातो हे तिथूनच कळतं. मग फामाचा १९७० चा कार्यक्षम बाजारावरचा, म्हणजे उपलब्ध माहिती भावात आधीच उतरलेली असते यावरचा लेख, मग एजन्सी प्रॉब्लेमवरचा जेन्सन-मेकलिंग यांचा १९७६ चा पेपर. मी सगळं याच क्रमाने वाचलंय, म्हणून आज कुठलाही नवा पेपर हातात घेतला तरी अडत नाही.

शून्यशिल्लक: अहो त्यांनी पुस्तक नको म्हटलंय. जेन्सनचा १९८६ चा फ्री कॅश फ्लोवरचा, म्हणजे कंपनीकडे उरलेल्या मोकळ्या रोकडीवरचा लेख वाचा, छोटासाच आहे. माझ्याकडे एका कंपनीचे शेअर होते, रोकड भरपूर, डिव्हिडंड नाही, आणि एक दिवस मॅनेजमेंटने भलत्याच धंद्यातली कंपनी महागात विकत घेतली, भाव जो पडला तो आजतागायत वर आलेला नाही. लेखात नेमकं हेच आहे, चांगले प्रकल्प संपले की उरलेला पैसा मॅनेजरच्या हातात ठेवू नका, डिव्हिडंड द्या नाहीतर कर्जाचे हप्ते मागे लावा.

रिग्रेशनवाली: जेन्सन-मेकलिंगच घ्या, गणिताची पानं सोडली तरी चालेल. १०० टक्के मालक असलेल्याने कंपनीच्या खर्चाने १०० ची चैन केली तर १०० त्याच्याच खिशातून जातात. ३० टक्के शेअर विकले की तीच चैन त्याला ७० ला पडते, म्हणून तो जास्त करतो. पण घेणाऱ्यांना हे आधीच कळतं, ते भाव कमी देतात, म्हणजे भुर्दंड शेवटी विकणाऱ्यावरच! दुसरा गॉम्पर्स-इशी-मेट्रिक २००३. शेअरहोल्डरांचे हक्क बळकट असलेल्या कंपन्या घ्यायच्या, कमकुवतवाल्या विकायच्या, तर १९९० च्या दशकात वर्षाला ८.५ टक्के जादा परतावा मिळाला असता.

जुनाजाणता: तो परतावा नंतर नाहीसा झाला, बेब्चुक-कोहेन-वांग यांनी २०१३ मध्ये दाखवलंय. अर्धवट सांगू नका.

रिग्रेशनवाली: नाहीसा झाला कारण बाजार शिकला, असं तेच म्हणतात. चांगल्या गव्हर्नन्सचा, म्हणजे शेअरहोल्डरांचे हक्क जपणाऱ्या कारभाराचा, कंपनीच्या मूल्याशी संबंध नंतरही टिकलाय. पूर्ण वाचा.

मोठाहिस्सा: दोघंही अमेरिकेपुरतं बोलताय. ला पोर्टा आणि मंडळींनी १९९९ मध्ये २७ श्रीमंत देश तपासले, बऱ्याच ठिकाणी विखुरलेली मालकी नव्हतीच, घराणं नाहीतर सरकार डोक्यावर बसलेलं. तिथे भांडण मॅनेजरशी नसतं, मोठ्या मालकाचं छोट्यांशी असतं.

शून्यशिल्लक: मी पुन्हा सांगतो, १९८६ चा वाचा.

नवखा_वाचक: सगळ्यांचे आभार. पण मी येरमॅकच्या २००६ च्या पेपरपासून सुरू करतोय, तुमच्यापैकी कुणी सांगितला नाही. सीईओ कंपनीचं विमान खाजगी कामाला वापरतात असं जाहीर करणाऱ्या कंपन्यांचे शेअर बाजाराच्या मानाने वर्षाला ४ टक्क्यांहून जास्त मागे पडले, विमानाचा खर्च त्यापुढे काहीच नाही. मग उरलेलं नुकसान कुठून आलं, हे मला शोधायचंय.

जुनाजाणता: त्यासाठी आधी इव्हेंट स्टडी, म्हणजे एखाद्या बातमीने भाव किती हलला हे मोजायची पद्धत, कळायला हवी. फामा, फिशर, जेन्सन, रोल, १९६९.

मोठाहिस्सा: तीन मागितले होते, त्याच्या कितीतरी वर गेले की पेपर.