मुलाखतीत देखण्या उमेदवाराला आपोआप जास्त गुण पडतात, हे कसं टाळायचं?

वारणाकाठ:
सांगलीतल्या एका पतसंस्थेत दोन जागा भरायच्यात, काउंटर क्लार्क आणि वसुली अधिकारी. अर्ज १४, सगळ्यांवर फोटो, पॅनेलवर तिघं. चर्चा आत्ताच सुरू झालीय: काउंटरला "जरा स्मार्ट दिसणारी बघा", वसुलीला "इतकी नाजूक पोरगी नको". म्हणजे तोच चेहरा एका जागेला फायद्याचा आणि दुसरीला अडचणीचा. हे असं का होतं, आणि पद्धतीत नेमकं काय बदलावं?

हळकुंड:
हे दुखणं जुनं आहे. लष्करी अधिकारी हाताखालच्यांना कसे गुण देतात ते मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्ये मांडलं. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव यांचे गुण सुटे द्यायचे होते, पण एक रकाना वर गेला की बाकीचेही त्याच्यामागून वर. लँडी आणि सिगॉल यांचा १९७४ चा प्रयोग तुमच्या जास्त कामाचा. निबंध तोच, लेखिकेचा फोटो तेवढा वेगळा. देखण्या फोटोचा सगळ्यात जास्त फायदा झाला तो कच्च्या निबंधाला. तेव्हा जपायचं ते काठावरच्या उमेदवारांना गुण देताना.

मार्केट यार्डात चकचकीत हळकुंडही मोडून आतला रंग बघतात. माणूस मोडता येत नाही, म्हणून आधी लेखी चाचणी घ्या.

टिपणवही:
चाचणी ३० मिनिटांची पुरे. २० भरणा पावत्या द्या, त्यातल्या दोनमध्ये आकडी आणि अक्षरी रक्कम जुळत नसेल अशा ठेवा, शेवटी नोटांचा तपशील जुळवायला सांगा. पॅनेलबाहेरच्या कुणीतरी अर्जावरचे फोटो आणि नावं झाकून क्रमांक घालावेत. पेपर मुलाखतीच्या आधी तपासून गुण सीलबंद.

मुलाखतीत सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तर संपलं की लगेच पाचपैकी गुण, आणि तीन गुणांचं उत्तर कसं असतं ते आधीच लिहून ठेवलेलं. "एकंदर छाप" हा रकाना उडवा, चेहरा तिथूनच आत शिरतो. पद्धत फसते ती दोन ठिकाणी: गुण शेवटी एकदम भरले की, आणि अध्यक्ष आधी बोलले की. मग उरलेले दोघं मान डोलावतात.

माणदेशी:
वसुलीच्या "नाजूक"चं उत्तर हाइलमन आणि सारुवातारी यांनी १९७९ मध्ये प्रयोगातून दिलंय. देखणेपणाचा फायदा पुरुषांना कारकुनी आणि व्यवस्थापकीय दोन्ही जागांना झाला, बायकांना फक्त कारकुनी जागेला. साहेबाच्या खुर्चीसाठी तोच आड आला. म्हणून प्रश्न कामाचेच ठेवा: सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याच्या अर्जाला काय काय जोडायचं, जामीनदार "सही माझी नाहीच" म्हणाला तर पुढे काय.

नेमणुकीनंतरचा त्रास कुणी धरत नाही. देखण्या माणसाला कौतुक कामाचं की रुपाचं ते कळत नाही, आणि मागे "कशी लागली ते माहितेय" हे असतंच. "छान काम" म्हणू नका, "३१ खात्यांच्या नोटिसा वेळेत गेल्या" म्हणा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. काउंटरवर येणाऱ्या खातेदारांपासून संरक्षण देणंही संस्थेचंच काम.

सडाफटिंग:
सगळे देखण्यांचंच बोलताय. हॅमरमेश आणि बिडल (१९९४) या अर्थतज्ज्ञांच्या हिशोबात दिसायला डावे मानले गेलेल्यांचा पगार सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्के कमी भरला, आणि हा तोटा देखण्यांच्या फायद्यापेक्षा थोडा मोठाच. काउंटरला नीटनेटकेपणा हवा, हे मान्य. तो गणवेशाने येतो, नाकीडोळी बघून नाही.

वारणाकाठ:
क्रमांक घालणं जमेल. पण सांगली केवढीशी, १४ पैकी चार-पाच जण पॅनेलच्या ओळखीचे निघणार.

टिपणवही:
ज्याच्या ओळखीचा असेल त्याने त्या उमेदवारापुरतं उठून जायचं, उरलेल्या दोघांच्या गुणांची सरासरी धरायची. हे मुलाखतीच्या आदल्या दिवशी लेखी ठरवा.