चीन आणि मंगोलियासाठी मध्यस्थी प्रार्थना : मदत हवी आहे

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या महिला संघात पुढच्या महिन्यात चिनी आणि मंगोल लोकांमध्ये सुवार्ता वाढावी म्हणून प्रार्थनेची संध्याकाळ ठेवली आहे. तयारी माझ्याकडे आहे. "प्रभू, तिथे तुझं राज्य वाढव" एवढ्यावर थांबू नये, नेमके विषय घेऊन प्रार्थना व्हावी असं फार वाटतं.

वाचताना मन भरून आलं. तेराव्या शतकातला मंगोल सम्राट कुबलाई खान, त्याची आई सोरघाघतानी ख्रिस्ती होती! पुढे साम्यवादी राजवट आली आणि 1990 च्या सुमारास मंगोलियात विश्वासणारे जवळजवळ नव्हतेच. आज राजधानी उलानबातरमध्ये मंगोल पाळक आपल्याच भाषेत उपदेश करतात. 2016 मध्ये पहिल्या मंगोल कॅथलिक धर्मगुरूंची दीक्षा झाली. तिथलं कॅथेड्रलही गेरच्या, म्हणजे भटक्या मेंढपाळांच्या गोल तंबूच्या आकाराचं आहे.

चीनचं चित्र वेगळं. तिथे सरकारकडे नोंदलेल्या मंडळ्या आहेत आणि नोंदणीबाहेरच्या घरगुती मंडळ्याही. दोन्हींसाठी प्रार्थना कशी मांडावी? इनर मंगोलियातले (हा चीनचाच प्रांत) मंगोल पारंपरिक उभी लिपी वाचतात, मंगोलिया देशात मुख्यतः सिरिलिक, म्हणजे रशियनसारखी लिपी चालते. मग दोघांसाठी पवित्र शास्त्राची सोय कशी आहे?

तिकडे शिकायला किंवा नोकरीला राहिलेलं कोणी आहे का? मेंढपाळ कुटुंबांपर्यंत हिवाळ्यात मंडळी कशी पोहोचते, तेही सांगा. एखादं मंगोल उपासना गीत माहीत असेल तर चालीसकट पाठवा. चीनमधल्या विश्वासणाऱ्यांची नावं, गावं मात्र कृपया इथे लिहू नका.