पश्चिमेचं ऊन अडवायला कुठलं झाड लावू? (सांगली, काळी माती)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागच्या पुढं नवीन घर झालंय, प्लॉट ४० बाय ६०, उत्तरेला रस्ता. पुढं १५ फूट मोकळी जागा आहे पण तिथनं वरून लाईटची तार गेलीय, पश्चिमेला घराच्या लांबीभर १२ फुटांची पट्टी, आणि मागं सेप्टिक टँक न् बोअर त्यामुळं तिकडं काहीच लावायचं नाही. माती चिक्कट काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. बोअरचं पाणी जड, बादल्यांना पांढरा थर बसतो.
मेन प्रॉब्लेम पश्चिमेचा हॉल, एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर बसवत नाही. नर्सरीवाला म्हणाला गुलमोहर लावा लगेच सावली होईल, कंपाउंडच्या कडेनं कोनोकार्पस लावा दोन वर्षांत भिंत तयार, आणि राहिलेल्या जागेत लॉन. सासूबाईंना पूजेला रोजची फुलं पाहिजेत. घरात तीन वर्षांचा मुलगा आणि एक कुत्रा आहे, दोघंही दिसेल ते तोंडात घालतात. पावसाच्या आधी ठरवायचंय, काय लावू सांगा.

यवतेश्वर_घाट
गुलमोहर नको! दिसतो भारी यात वाद नाही, पण मुळात तो मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, वळवाचं वारं सुटलं की पहिल्यांदा फांद्या ह्याच्याच मोडतात. मुळं वरच्यावर पसरतात, फरशी उचलतात. छत्री ३०-४० फुटांची होते आणि तुमची पट्टी १२ फुटांची, बसणार कुठं ती? आणि उद्या तोडावा म्हटलं तर महानगरपालिका हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, १९७५ चा कायदाच आहे तसा.
त्यापेक्षा ताम्हण लावा. महाराष्ट्राचं राज्यफूल, एप्रिल ते जूनमध्ये जांभळ्या फुलांचे तुरे, नदीकाठचं झाड असल्यामुळं भारी जमीन आणि पाणी दोन्ही सोसतं. नाहीतर बहावा. सोनचाफा पण बघा, वासाला तोड नाही.

मिरजेचा_माळी
वरच्यांचं गुलमोहराबद्दल शंभर टक्के बरोबर. पण सोनचाफ्याचं जरा थांबा. यवतेश्वरवाले साताऱ्याकडचे, त्यांची माती निचऱ्याची, तिथं सोनचाफा हसत वाढतो. आमच्याकडं काळ्या रानात पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की हिरवंगार झाड आठवड्यात माना टाकतं, आणि त्यातनं वाचलं तर चुनखडीमुळं पिवळं पडतं. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं की समजायचं लोह मिळत नाहीये. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं झाडाला ते उचलता येत नाही. एक्झोरा, अनंत, गुलाब सगळ्यांना हाच त्रास, त्यात तुमचं बोअरचं पाणी जड म्हणजे दर पाण्याला थोडा थोडा चुना घालताय. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) लिटरला ५ ग्रॅम घेऊन चिमूटभर लिंबूसत्त्व टाकून संध्याकाळी पानांवर फवारलं की तात्पुरता फरक पडतो (भिंतीवर, फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत). जमिनीतनं द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (चुन्यात न अडकणारं) घ्या, साधा हिराकस काळ्या मातीत लगेच अडकून बसतो.

झाड ठरवायच्या आधी एक काम करा. जिथं लावायचंय तिथं दोन फूट खड्डा घ्या, पाण्यानं भरा. पहिलं पाणी भेगांतनं भसाभसा जाईल, त्यावर भुलायचं नाही. माती फुगली की परत भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. अजून पाणी दिसलं तर तिथं खड्ड्यात झाड लावायचंच नाही, फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्याच्यावर लावायचं.

आणि घराच्या पायाचं बघा हो. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आक्रसते. मोठं झाड उन्हाळ्यात पायालगतचं पाणी ओढतं, माती अजून आक्रसते आणि भिंतीला चिरा जातात. १२ फुटांच्या पट्टीत ऐन मधोमध ताम्हण लावला तरी तो घरापासून सहा फूट. माझं मत असं की ताम्हण लावायचाच तर पट्टीच्या वायव्य कोपऱ्यात, घरापासून जमेल तेवढा लांब, तार सोडून. एकच. हॉलच्या समोर मध्यम झाडं, रक्तकांचन उत्तम, २०-२५ फुटांच्या आत राहतो, छाटलेला चालतो, पावसाळा संपता संपता फुलतो.

कुपवाड_गच्ची
खड्ड्यात एक ट्रॉली लाल माती टाकली की हे सगळं टेन्शन संपतं की. आमच्याकडं सगळे तेच करतात.

मिरजेचा_माळी
@कुपवाड_गच्ची कुंडीत चालतं ते, जमिनीत नाही. चारी बाजूला चिक्कट काळी आणि मधे भुसभुशीत लाल म्हणजे अंगणात पुरलेला हौदच, सगळ्या प्लॉटचं पाणी तिथं जमणार. मुळंही मग लाल मातीतच गोल फिरत राहतात, बाहेरच्या काळ्यात शिरायला तयार नसतात. निघालेलीच माती परत भरायची, त्यात कुजलेलं शेणखत न् दोन मुठी निंबोळी पेंड, बास. वरनं उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका. भेगा पडायच्या कमी होतात, पाणीही कमी लागतं. सांगलीत राहून पाचट मिळत नाही असं तर कुणी म्हणूच शकत नाही, लोकं पेटवून देतात ते आणा.

विश्रामबागकर
बाप रे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. बहावा मला फार आवडतो, पश्चिमेला चालेल का? आणि कोनोकार्पसबद्दल कुणीच बोललं नाही.

यवतेश्वर_घाट
बहावा सुंदरच. पण तुम्हाला सावली कधी पाहिजे? एप्रिल-मे. नेमका तेव्हाच तो पानं टाकून फुलावर येतो, म्हणजे झुंबरं बघत बघत उन्हात बसायचं 😄 हौस म्हणून कोपऱ्यात लावा, ऊन अडवायला नको. पावसाळ्यात पिवळट फुलपाखरांच्या अळ्या त्याची पानं खातात, घाबरून औषध मारू नका, परत पालवी फुटते.
कोनोकार्पस अजिबात नको. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली, परागकणांमुळं ॲलर्जीच्या तक्रारी, वर मुळं पाईपलाईन आणि केबलमध्ये घुसतात. तुमच्याकडं तर मागं सेप्टिक टँक आहे! कुंपणाला कुंती लावा, कामिनी म्हणतात नर्सरीत, पांढरी वासाची फुलं, हवी तशी कापता येते, कापूनही दाट राहते. जरा सावकाश वाढते एवढंच.

अंगणातली_आक्का
बाळा तू सासूबाईंच्या फुलांचं विचारलंस आणि सगळे झाडांवरच भांडत बसलेत. तगर लाव, डबल तगर, बारमाही फुलं आणि काळ्या मातीत कसलीही कुरकुर नाही. जास्वंद दोन-तीन रंगाची, तिच्यावर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण येतो, पाईपनं जोरात पाणी मारायचं पानाच्या मागच्या बाजूनं, मग निंबोळी तेल ५ मिली लिटरभर पाण्यात थोडा साबण घालून. मुंग्या चढताना दिसल्या की समजायचं तो येणार, मुंग्याच त्याला इकडून तिकडं नेतात. पारिजातक घे, पण पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर, श्रावणापासून सकाळी सडा पडतो, उन्हाळ्यात मात्र अगदी केविलवाणा दिसतो तेव्हा मेला समजून उपटू नकोस. अबोली आणि कोरांटी कडेला, कोरांटी कमी पाण्यावर निभावते.
कण्हेर नको गं. पूजेला चालते, रोडवर डिव्हायडरला पण सगळीकडं असते, पण पानापासून मुळापर्यंत सगळं विषारी आहे. पिवळी बिट्टी त्याहून नको, तिच्या बिया पोरं खेळायला घेतात. मूल सात-आठ वर्षांचं झालं की मग बघ काय ते.

कुपवाड_गच्ची
सगळं देशी देशी करताय पण देवळापुढचा देवचाफा पण मेक्सिकोकडचाच आहे म्हटलं 😀 तारेखाली तोच लावा, बुटका राहतो, फांदी तोडून आठवडाभर सावलीत वाळवली की लागते, फुकट काम. चीक लागतो हाताला तेवढं सांभाळा, मुलाला लांब ठेवा. आणि झाडं वाढेपर्यंत चार-पाच उन्हाळे जाणार, तोवर काय करणार? हॉलच्या खिडकीपासून दीड-दोन फुटांवर पाईप उभे करून तारा ओढा आणि मधुमालती सोडा. एका पावसाळ्यात वर पोचते, पांढरी गुलाबी लाल फुलं एकाच घोसात. भिंतीला चिकटवू नका, मधनं हवा खेळली की भिंत तापत नाही. बोगनवेल पण चालेल पण काटे आहेत, मूल म्हणताय तर नको.

विश्रामबागकर
मधुमालती डन ✅ सासूबाईंनी तगर आणि जास्वंद कालच फायनल केलं. राहिलं लॉन. मिस्टरांना लॉन पाहिजेच आहे.

यवतेश्वर_घाट
मिस्टरांना मे महिन्यात बोअरला पाणी किती असतं ते विचारा आधी. लॉनला कडक ऊन आणि रोज पाणी लागतं, झाडाची सावली वाढेल तसं खालचं लॉन विरळ होतंच. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास, म्हणून एकाचं बघून दुसऱ्यानं लावायचं नसतं, सांगली तर त्या दुसऱ्या टोकाच्या जवळची. पुढच्या उन्हाच्या भागात खाटेएवढा तुकडा हरळीचा ठेवा, गणपतीला दूर्वाही मिळतील. बाकी उन्हात ऑफिस टाइम (सकाळी दहाच्या सुमारास उमलणारी बुटकी फुलं), नळाजवळ ओल राहते तिथं ब्राह्मी, झाडाखाली सावलीत लिली गवत किंवा पानओवा.
नर्सरीत एक पिवळ्या फुलांचं पसरणारं देतील, वेडेलिया, स्वस्त असतं, हिरवंगार दिसतं. घेऊ नका, कांडीकांडीला मुळं फुटतात, वर्षभरात शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये जातं आणि काढून निघत नाही. रिओ (खालून जांभळ्या पानांचं बुटकं झाड) पण सध्या नको, त्याच्या रसानं कातडीला खाज सुटते, कुत्रं नाक घालणारच.

मिरजेचा_माळी
हरळी ठेवायची तर विटांची कड पुरून घ्या नाहीतर ती तगरीच्या आळ्यात शिरते, मग बसा खुरपं घेऊन. एखादा चांगला पाऊस होऊ दे, भेगा मिटल्या की लावा, पहिल्या वळवात घाई नको, मधे ऊन पडलं की रोपं सुकतात. उलट काळ्या रानात फार पावसात पण खणू नका, खड्ड्याच्या भिंती फावड्यानं लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी मुरत नाही, झाल्याच तर कुदळीनं ओरखडून घ्या. ताम्हणाचं रोप आठ-दहा फुटांचं देतो म्हणतील, चार-पाच फुटांचंच घ्या, पिशवी जरा फाडून बघा, मुळं तळाशी वेटोळी झाली असतील तर दुसरं मागा. नर्सरीवाला कुरकुरतो, कुरकुरू दे.