'कराओरी'ला मराठीत काय म्हणावं?

रेशीमगाठ: जपानच्या नोह नाटकातल्या पोशाखांवरचा एक मजकूर मराठीत करतेय. त्यात 'कराओरी' सारखा येतो. स्त्री-भूमिकेतला नट घालतो तो वरचा झगा. फोटोत फुलं इतकी वर आलेली दिसतात की मी 'भरतकामाचा रेशमी झगा' लिहून मोकळी झाले. चालेल? की 'पैठणीसारखा' म्हणू?

धोटा: दोन्ही नको. कराओरीला सुई लागतच नाही, फुलं मागावरच उमटतात. नक्षीपुरतं जादा रंगीत रेशीम बाण्यात घालतात. त्याला पीळ जवळजवळ नसतो आणि ते ताण्याच्या बऱ्याच धाग्यांवरून एका दमात जातं, म्हणून फुगून वर येतं. अंगठी अडकली तर पाकळीच ओढली जाईल, असं. पैठणीची नक्षी सपाट, दोन्ही बाजूंनी सारखी. तिची जातच वेगळी. हिमरू त्यातल्या त्यात जवळचं.
शिवाय 'भरतकाम' इथे खर्चून टाकलंत तर नोहमधल्याच 'नुइहाकु' या दुसऱ्या झग्याला काय उरेल? नुइ म्हणजे भरतकाम, हाकु म्हणजे चिकटवलेला सोन्याचांदीचा वर्ख. मिठाईवरचा वर्ख आठवा, शब्द आयता आहे.
'कारा' म्हणजे चीन, 'ओरी' म्हणजे वीण. शाकुंतलातलं 'चीनांशुक' याच चालीचं. पुढे क्योतोच्या निशिजिन भागातले विणकर ते विणू लागले, तरी नाव चीनचंच राहिलं. (निशिजिन म्हणजे 'पश्चिमेची छावणी'. 1467 ते 1477 च्या ओनिन युद्धात पश्चिमेकडच्या फौजेचा तळ तिथे होता.)
मी 'कराओरी' तसाच ठेवून पहिल्यांदा 'उठावदार विणीचं किनखाब' असं जोडेन. नुसतं किनखाब म्हटलं की वाचक जरच शोधतो. इथे मान रंगीत रेशमाचा.

जुनाट: 'इरोइरी' आणि 'इरोनाशी' आले असतील तर जपून. शब्दशः 'रंगासह' आणि 'रंगाविना'. पण हा 'रंग' म्हणजे फक्त तांबडा! लिहिताना लाल अर्थाचं अक्षर काढतात आणि वाचतात मात्र 'इरो', म्हणजे रंग. तरुणीच्या झग्यात तांबडा असतो, प्रौढ बाईच्या नसतो. बाकी हिरवा, निळा, सोनेरी सगळं असू शकतं. प्रेक्षकाला पात्राचं वय झग्यावरूनच कळतं.

रेशीमगाठ: अरे देवा. एका झग्याला मी 'रंगहीन' लिहिलंय, आणि शेजारच्या फोटोत तो हिरवागार!

जुनाट: 'तांबड्याचा' आणि 'बिनतांबड्याचा' करा. ऐकायला ओबडधोबड आहे, पण चुकत नाही.

रेशीमगाठ: केलं. आता 'आत्सुइता'. कोश म्हणतो 'जाड फळी'. झगा आणि फळी?

धोटा: कोश बरोबर आहे. चीनचं जाड कापड फळीवर गुंडाळून यायचं, तेच नाव कापडाला आणि मग झग्याला चिकटलं. हा मुख्यतः पुरुष-भूमिकांचा. फळी लिहू नका, लोक स्टेजवर शोधत बसतील.